मिलिटरी ट्रकचे गंजून धरलेले नट-बोल्ट सोडवायचे कसे, आणि परत धरू नयेत म्हणून काय करायचं

आमच्या शेडमधला ट्रक म्हणजे निसान वन टन, जबलपूरला बनलेला, लिलावात मिलिटरीतनं बाहेर पडलेला आणि दोन-तीन हात फिरून आमच्याकडं आलेला. त्याआधी शिरोळ तालुक्यात एका मळ्यात कित्येक वर्षं नुसता उभा होता, त्यात २०१९ च्या पुरात हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) वरपर्यंत पाण्यात बसला, आणि पाणी उतरल्यावर कुणी धुतला पण नाही. घेतला तेव्हा एकही चाक फिरत नव्हतं, इंजिन हलत नव्हतं, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या पडत्या दाराच्या) पिनासुद्धा हलत नव्हत्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ट्रक न्हाई ह्यो, लोखंडाचा एकच तुकडा हाय."

पहिल्याच दिवशी मी काय शहाणपणा केला ते आधी सांगतो. रिंग पान्याला चार फुटी पाइप लावला आणि मॅनिफोल्डचे (इंजिनला हवा-धूर ने-आण करणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) तीन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) मोडले. मोडायला वीस मिनिटं लागली, मोडके तुकडे बाहेर काढायला चार दिवस. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये पाइप लावायला परवानगी लागते, आणि ती मिस्त्री देत नाहीत. खाली जे लिहिलंय ते वन टनवर केलेलं असलं तरी शक्तिमान, जोंगा अशा मिलिटरीच्या गाड्यांना, कुठल्याही जुन्या गाडीला तसंच लागू पडतं.

आधी बोल्ट का धरतो ते समजून घ्या, कारण सगळा उपाय त्यातच आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते केसाएवढी, तिथं गंज फुगला की आटे आतनं पाचर मारल्यासारखे घट्ट बसतात. म्हणजे तुम्ही नट फिरवत नसता, ती पाचर ओढत असता, आणि ती सुटायच्या आधी बोल्टची मान तुटते. म्हणून जोर लावायच्या आधी तो गंज आतल्या आत तडकवायला पाहिजे आणि तडकलेल्या भेगेतनं तेल आत गेलं पाहिजे. ठोकणं, तापवणं, तेल, वाट बघणं हे सगळं एवढ्यासाठीच. नुसतं वरनं तेल मारून लगेच पाना लावला तर तेल वरच्या वरच राहतं, आत थेंब जात नाही.

तेलाचं म्हणाल तर बाजारात डब्ल्यूडी ४० मिळतं, चांगलं आहे, पण ते मुळात ओल घालवायला बनवलेलं, मुरायच्या कामाला त्यापेक्षा बरी औषधं आहेत. आम्ही ऑटोमॅटिक गिअरचं तेल म्हणजे एटीएफ आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळतो. दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवूनच मारायचं, आणि बाटली ॲसिटोनने न विरघळणारी घ्यायची, आमची पहिली प्लॅस्टिकची बाटली बूड मऊ होऊन बसली होती. ॲसिटोन पेट्रोलसारखं पेटतं, त्यामुळं हे औषध मारलं त्या दिवशी तिथं गॅस पेटवायचा नाही. एकतर मुरवायचा दिवस, नाहीतर जाळाचा दिवस. आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारलेल्या जागी तर जाळ अजिबातच नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, ते तापलं की विषारी वायू होतो.

पद्धत अशी. आधी वायर ब्रशने बोल्टचे बाहेर आलेले आटे लख्ख करा, कारण नट सुटला की त्याला त्याच आट्यांवरनं बाहेर यायचंय, तिथं खपल्या असल्या तर अर्ध्यात परत धरतो. मग औषध मारा, हातोडीने नटाच्या डोक्यावर आणि सहाही बाजूंनी ठोका, जीव खाऊन नाही, टकटक टकटक. परत औषध. सकाळ संध्याकाळ असं तीन-चार दिवस. मिस्त्री याला "चहापाणी करणे" म्हणतात, सकाळी आलं की आधी बोल्टांना चहा आणि मग आपल्याला. चौथ्या दिवशी सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी नको, ते जुन्या खाल्लेल्या नटाचे कोपरे गोल करतं. आणि आधी किंचित आवळायच्या दिशेला द्या. एक बारीक "टक" ऐकू आला की गंज तडकला असं समजा. मग सोडायच्या दिशेला पाव फेरा, परत मागे, औषध, परत पाव फेरा. नट करकर करत गरम व्हायला लागला तर थांबा, मागे घ्या. हाताला जो लवचिकपणा लागतो ना, म्हणजे पाना स्प्रिंगसारखा लागायला लागतो, ती बोल्ट पिळला जात असल्याची खूण आहे, तिथं अजून जोर दिला की गेलाच.

चाकाचे नट सोडताना एक गोष्ट विसरू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर एल किंवा आर असं अक्षर ठोकलेलं असतं, वायर ब्रश मारून बघा. आम्हाला एकानं फोनवर ठामपणे सांगितलं की सगळे सुलटेच असतात, आम्ही अर्धा तास डाव्या चाकाचे नट मनापासून आवळत बसलो होतो.

तेलानं नाही सुटलं तर जाळ. इथं नियम एकच, नट तापवायचा, बोल्ट नाही. नट फुगतो, भोक मोठं होतं, गंज तडकतो. ऑक्सी-ॲसिटिलीनचा बारीक नोझल, नटाभोवती फिरवत मंद लाल होईपर्यंत, मग जाळ बंद करून लाली उतरू द्या आणि मेणबत्ती आट्यांना टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं, तेल जिथं जळून जाईल तिथं मेण पोचतं. मला हे ऐकून हसू आलं होतं, पण मॅनिफोल्डचे राहिलेले सगळे स्टड मेणबत्तीनेच निघाले, देवघरातला अख्खा पुडा संपला, आईनं विचारलं की शेडमध्ये लाईट गेली होती काय.

बोल्ट बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागात घुसलेला असेल, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमध्ये वगैरे, तर त्याच्या भोवतीचं बीड तापवायचं, सावकाश आणि मोठ्या गोलात, आणि कधीही पाणी मारून थंड करायचं नाही. बीड तडकतं. कोल्हापुरात फाउंड्रीत काम केलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो, कुणालाही विचारा. पाट्याचे (चाकावरच्या स्प्रिंगचे) पान, यू-बोल्ट असल्या भागांवर लाल होईपर्यंत जाळ नको, स्टीलचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. यू-बोल्ट निघत नसला तर सरळ ग्राइंडरने कापा आणि नवीन बनवून घ्या, उद्यमनगरात नमुना दाखवला की वाकवून आटे पाडून देणारे आहेत, जुना वाचवण्यात काही अर्थ नाही. आणि जाळ लावायच्या आधी बघा की मागे ब्रेकची लाइन, डिझेल-पेट्रोलची नळी, वायरिंग काय काय आहे. पेट्रोलची रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते, तिच्या आसपास जाळ, वेल्डिंग, ग्राइंडर काही नको.

एवढं करून मोडलाच तर? स्टडचा तुकडा थोडा जरी वर आला असेल तर त्यावर जरा मोठ्या भोकाचा नट ठेवून भोकातनं वेल्डिंग भरा, थोडा निवू द्या, मग पान्याने हळू हलवा. वेल्डिंगची उष्णता आतपर्यंत जाते, निम्मं काम तीच करते. माझ्या तीनपैकी दोन असेच निघाले, तिसऱ्याला चार वेळा नट वेल्ड करावा लागला. तुकडा सपाटीला तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक ड्रिलपासून वाढवत जायचं, उलट्या आट्याचं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो. ईझी-आउट (मोडका बोल्ट काढायचा उलट्या आट्याचा स्क्रू) मात्र मला आवडत नाही. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर त्याला ड्रिल लागत नाही, मग तुम्ही, ब्लॉक आणि लेथवाला.

ब्रेकचे ड्रम. उभ्या गाडीत ब्रेक शूवरचा लायनर (घासणारं अस्तर) ड्रमला गंजून चिकटतो. ड्रम ओढायच्या आधी मागच्या बाजूचा ॲडजस्टर सोडून शू आत घ्या, नाहीतर ड्रमच्या आत झिजून पडलेल्या ओठावर शू अडकतात आणि तुम्ही बाहेरनं घण घालत बसता. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, ती साफ करून त्यात बोल्ट घाला आणि आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळा, मधे मधे ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा ठेवून ठोका. ड्रमपण बिडाचाच, उघड्या घणाने कोपरा उडतो. आतली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आमच्या हबमध्ये पुराचा गाळ होता, पीठ मळल्यासारखा. गिअर ऑइल आणि डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरचं) तेल बाहेर काढलं तर पिवळट चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी. ज्यांची गाडी पुरात बसली होती त्यांनी ती चालू अवस्थेत मिळाली तरी हब, डिफरन्शियल, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) सगळं उघडून धुवावं, पाण्यात उभ्या राहिलेल्या बेअरिंगला बारीक डाग पडलेले असतात आणि ते पाचशे किलोमीटरनंतर ओरडायला लागतात.

चाकाबद्दल एक जीवावरची गोष्ट. ज्या रिमला लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी कडी) असते ती टायरमध्ये हवा असताना कधीही हलवू नका. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, तार घालून व्हॉल्व्ह तुंबला नाही ना बघा, मगच रिंगला हात. गंजलेली रिंग उडाली तर माणूस वाचत नाही. टायर बसवलेल्या रिमवर वेल्डिंग किंवा जाळ पण कधी नाही. हे काम मी स्वतः केलं नाही, टायरवाल्याकडंच नेलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

इंजिन. सहा सिलेंडर पेट्रोल, प्लग काढले, प्रत्येक भोकातनं एटीएफ आणि डिझेलचं मिश्रण साधारण पन्नास-शंभर मिली ओतलं आणि दोन आठवडे हातच लावला नाही, फक्त पातळी उतरली की परत ओतायचं. शेजारचा सल्ला होता की ट्रॅक्टरला बांधून टॉप गिअरमध्ये ओढा. नका. पिस्टन धरलेला असताना ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. वरचं कव्हर काढून बघा की सगळे व्हॉल्व्ह खाली वर होण्यासारखे आहेत का, एखादा गाइडमध्ये धरला असेल तर पुश रॉड वाकतो. मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या नटावर मोठा पाना लावून हळूच एकीकडं, मग दुसरीकडं. पहिल्या दिवशी काहीच नाही. असं रोज करत अकराव्या दिवशी बोटाच्या पेराएवढं हललं, आम्ही चौघांनी शेडमध्ये नाचून घेतलं आणि मिसळ मागवली. पूर्ण फेरा झाल्यावर प्लग काढलेलेच ठेवून फिरवा, आतलं सगळं तेल भोकांतनं बाहेर उडू दे, नाहीतर पिस्टनवर साचलेलं तेल दाबलं जात नाही आणि परत रॉडच वाकतो. आणि खाली सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) डिझेल झिरपलेलं असतं, इंजिन ऑइल बदलल्याशिवाय चालू करायचं नाही.

आता सुटलेल्या लहान भागांचा गंज. इथं कोल्हापूरकरांची चंगळ आहे. उसाची मळी एक भाग, पाणी आठ-दहा भाग, प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये, त्यात कब्जे, पिना, कंस, शॅकल, फाळक्याचे हुक, सगळं बुडवून ठेवा एक ते तीन आठवडे. मळीतले घटक गंजाचं लोखंड धरून पाण्यात ओढतात, मूळ लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. कारखान्याची मळी अबकारीच्या नियमांत येते, टँकरवाल्याला गाठून आणायच्या भानगडीत पडू नका, पशुखाद्यात मिळते तेवढी पुरते. मी एकदा गुऱ्हाळातली काकवी घालून बघितली, काम होतं पण फार हळू, आणि घरात काकवी ट्रकला घातली म्हटल्यावर जे ऐकावं लागलं ते वेगळंच. मळीच्या बॅरलला घाण वास येतो, वर बुरशीची साय धरते, बॅरल शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब ठेवा. ॲल्युमिनियम त्यात घालायचं नाही, खाऊन टाकते, कार्ब्युरेटरचे भाग गेले तर गेलेच. जस्ताचा मुलामा पण जातो.

घाई असेल तर बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा. पाच लिटर पाण्याला एक-दीड चमचा सोडा, गंजलेल्या भागाला निगेटिव्ह, बाजूला साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो. पट्टी स्टेनलेसची अजिबात घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा आणि चार्जर बंद करूनच चिमटे काढा. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे भाग यात टाकू नका, ठिसूळ होतात.

बॅरलमधनं काढलेला भाग धुतला की कापडाने पुसून, हवा मारून लगेच तेल नाहीतर प्रायमर. जेवून येतो म्हणालात तर परत तांबूस झालेला असतो, पावसाळ्यात तर चहा पिऊन येईपर्यंत.

गंजरोधकाचं काम कोल्हापुरात जून ते सप्टेंबर करू नये हे माझं स्पष्ट मत. गगनबावड्याकडनं ढग आले की पत्र्यावर दिसत नसलं तरी दमट थर असतो आणि रंग त्याच्यावर बसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर पाहिजे असा रंगकामातला नियम आहे, तो जुलैत आमच्या शेडमध्ये पाळणं अशक्य. पावसाळ्यात नट सोडवा, बॅरल चालवा, रंग दिवाळीनंतर.

चासीला आम्ही शिरोलीत ग्रिट ब्लास्टिंग (कणांचा मारा करून गंज उडवणं) करून घेतलं, हौद्याचा आणि दाराचा पातळ पत्रा मात्र ब्लास्टिंगला दिला नाही, तो तापून लाटा धरतो, तिथं वायर ब्रश आणि फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर. कन्व्हर्टर खपलीवर मारून उपयोग नाही, सुटा गंज पूर्ण खरवडून जो घट्ट थर राहतो त्यावरच. ब्लास्टिंग झालं त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साईड स्वस्त पडतो आणि दिसायला पण छान दिसतो, पण तो ओल आत जाऊ देतो, ग्रीलच्या दाराला ठीक, चासीला नको. पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणार असाल तर साध्या कापडी मास्कवर भागवू नका, त्यातला हार्डनर फुप्फुसाला लागतो.

रंग म्हटल्यावर हे सांगायलाच पाहिजे, ऑलिव्ह ग्रीन मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. पोरं हौसेनं मारतात आणि मग पासिंगला अडकतात. आमचा वाळूच्या रंगाचा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यावर गंज लवकर दिसतो, हा फायदाच.

पोकळ जागांत, म्हणजे दाराच्या आत, क्रॉस मेंबरमध्ये, रंग पोचत नाही, तिथं कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने मारायचं. जळकं ऑइल मारायची आपल्याकडं जुनी पद्धत आहे, आमच्या आजोबांची ट्रॉली त्यावरच टिकली, पण त्यात ॲसिड असतं, रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून ओल धरते आणि पावसात ते सगळं ओढ्यात जातं. मी बंद केलं. वॅक्स मारायच्या आधी तळाची पाणी जायची भोकं उघडी करा, आमच्या दाराच्या खालची चारही भोकं कधीतरी कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती, आणि दार नेमकं तिथंच सडलं होतं.

परत जोडताना आट्यांना कॉपरचं अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायचा लेप), मॅनिफोल्डला शक्यतो पितळी नट. लेप लावलेल्या आट्यांवर पुस्तकातला पूर्ण टॉर्क (आवळायचा जोर) द्यायचा नाही, वीस-पंचवीस टक्के कमी, घर्षण कमी झाल्यामुळं तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. चाकाच्या नटाच्या तिरक्या बैठकीला आणि ब्रेकच्या पृष्ठभागाला काहीच लावायचं नाही, कोरडंच. पाट्याच्या पिनांना ग्रीस गन मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा, निप्पल तुंबलेला असेल तर बदला, सगळ्यात स्वस्त भाग तोच.

आणि गाडी उभी ठेवू नका. महिन्यातनं एकदा चालवा, ब्रेक दाबा, फोर व्हील टाका, काढा, फाळका उघडा. मालवणकडं फिरायला नेली तर घाट चढून आल्यावर खालनं गोड्या पाण्याने धुवा, खारी हवा चासीच्या आतल्या कोपऱ्यात बसते. उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकाला ओंडका लावा. आमचं मागचं डावं चाक यंदा पावसाळ्यात परत धरलं, ते याच कारणानं, हँडब्रेक मीच ओढला होता.